मशीन गेलेले नाही!

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरच्या कपाटांचे खण उपसले जातात आणि त्यांतून, जुन्या किल्ल्या, चष्म्यांच्या मोडक्या काड्या आणि मुदत संपलेली औषधे यांच्या संगतीत, दोनतीन बंद मनगटी घड्याळे हमखास बाहेर येतात. एक सासऱ्याने लग्नात दिलेले असते, एक वडिलांचे असते, एक मुलाला दहावीच्या निकालावर घेतलेले असते. ती क्षणभर कानाशी लावली जातात, हलवून पाहिली जातात आणि ‘याचे मशीन गेले आहे’ असा निकाल देऊन पुन्हा खणात टाकली जातात. हा निकाल मला मान्य नाही. त्याविरुद्ध अपील करण्यासाठीच मी संपादकांकडून ही जागा मागून घेतली आहे.

मी निरवांगीचा राहणारा. इंदापूर तालुक्यातले हे नीरेच्या काठचे गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. घड्याळदुरुस्ती हा माझा धंदा नव्हे. पोटापाण्यासाठी मी मास्तरकी केली; घड्याळे उघडण्याचा नाद मात्र तरुणपणीच लागला आणि बारामतीच्या एका वृद्ध घड्याळजींनी, शेजारी स्टुलावर बसू देऊन, तो वाढवला. तेव्हापासून गावातली आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची पुष्कळ घड्याळे माझ्या टेबलावर उघडी झाली. बहुतेक सगळी ‘मशीन गेले’ म्हणूनच आली होती. खरोखर मशीन गेलेली फार थोडी निघाली. बाकीच्यांत काय निघाले ते आधी सांगतो. म्हणजे माझे भांडण कोणाशी आहे हे वाचकांना समजेल.

चावीच्या घड्याळापासून सुरुवात करू. आपल्याकडे असे घड्याळ म्हटले की एच.एम.टी. आठवते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला हा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या ‘जनता’ घड्याळाने खेडोपाड्यांतल्या मनगटांवर कित्येक वर्षे राज्य केले. या ‘जनता’चे काम पाहा. आत एक पोलादी कमान गुंडाळलेली असते. ती उलगडताना चाके फिरवते. आणि बॅलन्स नावाचे चाक, केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे झुलत, त्या चाकांना एकेक दात मोजून पुढे जाऊ देते. हे झुलणे सेकंदाला पाच ठोके, तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,००० ठोके इतके चालते. बॅलन्सच्या कण्याची टोके जवळजवळ माणसाच्या केसाइतकी बारीक असतात आणि ती माणकाच्या खड्यांत, तेलाच्या एका सूक्ष्म थेंबावर फिरतात. आता हे तेल काही अमृत नव्हे. पाचसात वर्षांत ते सुकते, चिकट होते. त्यात आमच्याकडची काळ्या रानातली धूळ मिसळली की त्याची खळ होते. कमान ओढते आहे, चाके शाबूत आहेत, पण खळीत रुतलेले चाक फिरणार कसे? बैलगाडीचे चाक वंगणावाचून अडले म्हणून गाडी कोणी सरपणात घालत नाही.

येथे लोकांची एक ठाम समजूत आडवी येते. ‘पोराने चावी जास्त दिली म्हणून घड्याळ बंद पडले,’ असे म्हणत बिचाऱ्या पोराला बोलणी बसतात. हाताने चावी द्यायच्या घड्याळात कमान पुरी गुंडाळली गेली की चावी अडते. तेथे मुद्दाम पिळवटून काही मोडले नाही, तर पुरी चावी दिल्याने घड्याळ बंद पडत नाही. उलट ते रोज पूर्ण चावी देण्यासाठीच बनवलेले आहे. कमान भरलेली असून घड्याळ उभे आहे, याचा अर्थ जोर आहे पण वाट तुंबली आहे. यावर उपाय एकच: मशीन सुटे करायचे, धुवायचे, सुकवायचे, पुन्हा जोडायचे आणि जेथे हवे तेथेच, हवे तेवढेच तेल द्यायचे. झाकण उघडून वरून तेल सोडणे ही दुरुस्ती नव्हे. ते तेल केसस्प्रिंगवर गेले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखे पुढे धावू लागते.

दुसरे दुखणे म्हणजे घड्याळ एकाएकी तासाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागणे. यात तेलाचा दोष नसेल, तर बहुधा लोहचुंबकाचा असतो. स्पीकर, मोटारी, मोबाईलच्या पाकिटाला लावलेले चुंबक यांच्या शेजारी घड्याळ पडून राहते आणि केसस्प्रिंगला चुंबकत्व येते. होकायंत्राजवळ घड्याळ नेल्यावर सुई हलली, तर पुष्कळदा रोग कळलाच. चुंबकत्व काढण्याचे यंत्र घड्याळजीकडे असते आणि काम काही सेकंदांचे असते. मशीन कोठेही गेलेले नसते.

तिसरे, रोज ठरावीक वेळी थांबणारे घड्याळ. यात भुताटकी नाही. तासकाटा आणि मिनिटकाटा एकावर एक येताना एकमेकांना अडतात, किंवा काटा काचेला घासतो. चिमट्याने काटा जरा सरळ केला की झाले. चौथे, चावी हातात उपटून येणे. तिची दांडी मोडलेली असते किंवा ती धरून ठेवणारा स्क्रू ढिला झालेला असतो. पाचवे, दिवसाला अर्धा मिनिट मागे पडणे. दिवसाची ८६,४०० सेकंदे असतात, त्यांत ३० सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत साडेतीन. एवढ्या चुकीसाठी कारखान्याने बॅलन्सवर अधिक-उण्याच्या खुणांची छोटी दांडी दिलेलीच असते; ती केसभर सरकवायची असते. इतक्या किरकोळ चुकीसाठी घड्याळाला निकामी ठरवणाऱ्या माणसांनी स्वतःच्या वक्तशीरपणाचाही एकदा हिशेब मांडावा.

खरा घातक रोग एकच, आणि तो पाण्याचा. काचेच्या आतून धुके धरले म्हणजे घड्याळात पाणी शिरले. झाकणाखालची रबरी चकती जुनी झाली की घाम, औषधफवारणी, उसाला दारे धरणे यांतले पाणी आत जाते. तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिलेले पाहून विहिरीत उडी घेणारे वीर मी पाहिले आहेत. त्या आकड्याचा व्यवहारातला अर्थ, थोडे पाणी उडाले तर चालेल, एवढाच आहे. पाणी गेलेले घड्याळ त्याच दिवशी उघडून सुकवले तर वाचते. तांदळाच्या डब्यात आठ दिवस पुरून ठेवले तर तेवढ्या अवधीत आत गंज चढतो, आणि मग मात्र मशीन खरेच जाते. ते घड्याळाने गेलेले नसते, मालकाने घालवलेले असते.

आता सेलचे घड्याळ. जपानमध्ये २५ डिसेंबर १९६९ रोजी सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. क्वार्ट्झचा तुकडा विजेच्या प्रवाहाने सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो आणि दर सेकंदाला एक ठोका चिमुकल्या मोटारीला मिळतो. वेळ दाखवण्यात हे घड्याळ चावीच्या घड्याळाच्या पुढे आहे, हे मान्य करायला मला संकोच नाही. पण त्याच्याविषयीचे अज्ञान जास्त आहे. सेकंदकाटा दोनदोन किंवा चारचार सेकंदांची उडी मारू लागला की लोक म्हणतात, बिघडले. पुष्कळ घड्याळांत ती सेल संपत आल्याची सूचना असते. घड्याळ शहाणपणाने सांगत असते आणि आपण त्याला खणात टाकतो! मग तेथे सेल फुटतो, त्याचा खार आत पसरतो, आणि दोनतीन वर्षांनी मशीन जाते. दुसरी गोष्ट सेलच्या जातीची. ६२६ क्रमांकाचा चांगला सेल सिल्व्हर ऑक्साइडचा असतो, तो १.५५ व्होल्टचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर ठेवतो. त्याच आकाराचा स्वस्त अल्कलाइन सेल मिळतो. त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि तो फुटण्याची भीतीही अधिक. चार पैसे वाचवून दुसरा बसवला, तर घड्याळाला दोष कशाचा?

तात्पर्य, धूळ, सुकलेले तेल, चुंबक, वाकलेला काटा, मोडलेली दांडी, संपलेला सेल. घड्याळे बंद पडण्याची कारणे बहुधा एवढीच. यांपैकी एकही ‘मशीन गेले’ या सदरात बसत नाही. मग हे वाक्य एवढे रूढ झाले कसे?

एक गुन्हेगार कारखानदार आहे. १९८३ साली स्वित्झर्लंडमध्ये स्वॉच नावाचे प्लॅस्टिकचे घड्याळ निघाले. त्याचे भाग अवघे ५१ केले होते, आणि काच डब्याला अशी सांधलेली की आत हात घालण्याची सोयच ठेवली नव्हती. बिघडले की टाका, हे त्याच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले होते. दुसरीकडे महागड्या स्विस घड्याळांचे सुटे भाग स्वतंत्र कारागिरांना मिळेनासे झाले. युरोपातल्या घड्याळजींच्या संघटनेने २००४ साली युरोपीय आयोगाकडे याविरुद्ध तक्रार केली. वाद वर्षानुवर्षे चालला, २०१४ मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली आणि २०१७ मध्ये तेथील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. म्हणजे विकत घेतलेली वस्तू कोणी उघडायची हे विकणाराच ठरवणार! आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, ही चांगली गोष्ट झाली. तिने शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे हाती घेतली. घड्याळ काही या नामावळीत नव्हते. एच.एम.टी.ची घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय तर केंद्राने २०१६ मध्येच घेतला. आता तिचे भाग मिळवायचे ते दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून.

दुसरा गुन्हेगार कारागीर आहे. त्याची बाजू घेणारा असलो तरी त्याचे पाप मी झाकणार नाही. चावीचे सुरेख मशीन काढून घ्यायचे, त्याच डब्यात स्वस्त क्वार्ट्झ मशीन बसवायचे आणि ‘आता चावी द्यायची कटकट नाही’ असे वर सांगायचे, हा उद्योग सर्रास चालतो. आमच्या गावच्या एका शेतकऱ्याचे, सासऱ्याने दिलेले घड्याळ एका शहरी दुकानातून असेच ‘दुरुस्त’ होऊन आले. मी झाकण उघडून दाखवले तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहवेना. स्वस्त क्वार्ट्झ घड्याळात मशीन धुण्यापेक्षा ते बदलणेच परवडते, आणि तसे सांगून कोणी बदलले तर त्याला मी नावे ठेवणार नाही. न सांगता बदलणे ही चोरी आहे. तीच गत जुन्या तबकड्यांची. भडक रंगांत त्या नव्याने छापायच्या, चार घड्याळांचे अवयव एकात कोंबायचे आणि ‘दुर्मीळ एच.एम.टी.’ म्हणून हौशी शहरी गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

पण तिसरा गुन्हेगार मला या दोघांहून मोठा वाटतो, आणि तो म्हणजे गिऱ्हाईक. रागावू नका, वाचकहो. जरा हिशेब पाहा. मशीन पूर्ण सुटे करून, धुऊन, जोडून, तेल देऊन, चोवीस तास चाल तपासायची तर कारागिराचे निदान दोन तास जातात. समजा, त्याने याचे तीनशे रुपये मागितले. गिऱ्हाईक विचारते, ‘काय बदललं?’ तो प्रामाणिकपणे म्हणतो, ‘बदललं काही नाही, साफ केलं.’ लगेच आवाज चढतो: ‘काका, नुसतं पुसून तेल सोडलं, त्याचे तीनशे?’ तेच त्याने ‘मशीन बदललं’ म्हणून सांगितले, तर गिऱ्हाईक मुकाट्याने पाकीट काढते. बारामतीच्या त्या घड्याळजींनी मला एकदा हे उघड सांगितले: ‘गुरुजी, खरं बोललं की लोक भांडतात आणि पार्ट बदलला म्हटलं की पैसे देतात. मी किती दिवस भांडत बसू?’ त्यांनी भांडण सोडले नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण त्यांच्या मुलाने भिंग हातात धरले नाही. त्याने मोबाईलच्या काचा आणि कव्हरे विकण्याचे दुकान घातले, आणि त्याला दोष देण्याची माझी छाती नाही.

आपण वस्तूचे पैसे देतो, कौशल्याचे देत नाही, हे या सगळ्या दुखण्याचे मूळ आहे. ज्या बाजारात बदलण्याला दाम आणि दुरुस्त करण्याला फुकटची शाबासकी मिळते, तेथे दुरुस्ती मरते आणि बदली जगते.

हे अटळ आहे असेही नाही. आमच्याच शिवारात याचे प्रत्यंतर रोज दिसते. नदीवरची पाण्याची मोटार जळली तर ती कोणी भंगारात घालत नाही. पाच हॉर्सपॉवरची मोटार तीनतीनदा रिवाइंड होते. रिवाइंडिंगवाल्याचा दर हॉर्सपॉवरवर ठरलेला असतो, शेतकरी तो कुरकुर न करता देतो आणि वर ‘लवकर करून द्या, पाळी चुकेल’ म्हणून हात जोडतो. तांब्याच्या तारेइतकाच त्याच्या हातालाही भाव आहे हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून वालचंदनगर, बारामती, इंदापूर या परिसरात मोटार भरणाऱ्यांची दुकाने चालतात आणि घड्याळजी शोधावा लागतो. हात तेच, डोळे तेच, चिकाटी तीच. फरक आहे तो आपल्या दानतीत.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो: ‘मोबाईलवर वेळ दिसते, मग घड्याळाचे कौतुक कशाला?’ आक्षेप वावगा नाही. घड्याळ वापरलेच पाहिजे असा माझा मुळीच आग्रह नाही. पण मौज अशी की, हे म्हणणारी मंडळीच लग्नसराईत नवी घड्याळे घेताना दिसतात. घड्याळ नको असेल तर नवेही नको. हवे असेल तर जुने का नको? दुसरा आक्षेप असा की, दुरुस्तीच्या खर्चात थोडी भर घातली की नवे येते. येते खरे, पण तेही पाचसात वर्षांत त्याच खणात जाते. आणि त्याच्याबरोबर ते उघडू शकणारा माणूसही गावातून जातो, त्याची किंमत कोणत्या पावतीवर लिहिलेली असते? आज घड्याळाचा कारागीर गेला. उद्या शिलाई मशीनचा जाईल, परवा मिक्सरचा. मग कारखान्याने दिलेला शब्द हाच शेवटचा शब्द, आणि आपण केवळ हप्ते भरणारे.

नुसती ओरड करून थांबण्याची मला सवय नाही. म्हणून चार मागण्या मांडतो. कारागिराने दुकानात दरफलक लावावा: पूर्ण खोलून साफसफाई इतके, काच इतके, दांडी इतके, सेल इतके, आणि त्यात ‘तपासणी’ हेही एक सदर असावे, मग तपासणीत काही न निघो. बदललेला जुना भाग त्याने गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि काय केले ते पावतीवर लिहावे. गिऱ्हाइकाने ‘काय बदलले’ हा प्रश्न सोडून ‘काय केले’ असे विचारावे आणि कामाचे पैसे कामाचे म्हणून द्यावेत. चौथी मागणी सरकारकडे आहे. दुरुस्तीच्या हक्काच्या यादीत घड्याळ घालावे आणि जो कारखाना घड्याळ विकतो त्याने त्याचे सुटे भाग कोणाही कारागिराला रास्त दरात विकलेच पाहिजेत, असा नियम करावा. यांपैकी पहिल्या तिन्हींना कोणत्याही समितीची गरज नाही. येत्या बाजारच्या दिवसापासून त्या सुरू करता येतील.

तेव्हा या दिवाळीत खण उपसाल तेव्हा बंद घड्याळे परत टाकू नका. सेलची असतील तर संपलेला सेल आधी काढून घ्या. चावीची असतील तर वरून तेल सोडू नका आणि भावाच्या मुलाला स्क्रू-ड्रायव्हर देऊ नका. एखादा घड्याळजी अजून तग धरून असेल, तर त्याच्याकडे ती घेऊन जा. तो उघडून म्हणेल, ‘काही झालेलं नाही, साफ करावं लागेल.’ तेव्हा हुज्जत घालू नका. काही झालेले नाही, हे सांगण्याइतके ज्ञान त्याने आयुष्य घालून मिळवलेले आहे. तुम्हाला पैसे द्यायचे आहेत ते त्याचे.